प्रेम, खालील अटींस अधीन राहून

“हा हॉल नक्की कुणाच्या बापाचा आहे?”

हा प्रश्न भर सभेत उभं राहून विचारून दाखव, अशी पैज होती. प्रश्न खिमेनाने रचला, त्यात ‘बाप’ आउराने घातला, आणि विचारायची कामगिरी अर्थातच इलियाना पुलिदोवर आली. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आल्यापासून ‘मी आता कुणालाही काहीही विचारू शकते’ असं ती सगळ्यांना सांगत फिरत होती ना! (स्पर्धेत दोघीच होत्या. पण दुसरी म्हणजे दुसरी.)

ऐन वेळी, अख्ख्या इमारतीच्या माना आपल्याकडे वळलेल्या पाहिल्यावर, तिने बाप गाळला. “हा हॉल नक्की कशासाठी आहे?” एवढंच तिच्या तोंडून बाहेर पडलं. तरीही सभा अशी चिडीचूप झाली, की जणू तिने खरोखरच कुणाचा तरी बाप काढला होता.

इमारतीचं नाव ला कोंकोर्दिया, म्हणजे सलोखा. नाव ठेवणारा माणूस तिथे कधी राहिला नव्हता. तुंखा या डोंगरातल्या शहराच्या बोचऱ्या थंडीत घरमालकांची वार्षिक सभा तळमजल्यावरच्या हॉलमध्ये भरली होती. सगळे आपापल्या लोकरी रुआनात हनुवटीपर्यंत गुंडाळून बसलेले, लांबून पाहिलं तर बाजारात बटाट्याची पोती ओळीने मांडल्यासारखे. सभा सोडली तर हॉलला वर्षभर कुलूप. आत ऐवज काय, तर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नाताळच्या देखाव्यातलं एक कान तुटलेलं गाढव आणि ‘हॉल स्वच्छ ठेवा’ ही पाटी, जी धुळीमुळे वाचता येत नव्हती.

आणि इलियानाला तो हॉल हवा होता. अन्न गोड लागू नये इतका हवा होता. तिघींचा बँड होता. खिमेना तिप्लेच्या तारा छेडायची, आउरा ग्वाचाराका नावाची खाचाखाचांची वेताची नळी काट्याने खरवडायची आणि इलियाना गायची. शहरातल्या शाळांचा संगीत महोत्सव तोंडावर आला होता. त्यात इलियानाने स्वतः लिहिलेलं, आयुष्यातलं पहिलंवहिलं गाणं गायचं ठरलं होतं. चारच ओळींचं होतं. पण ते ऐकून आउराच्या अंगावर काटा आला होता, आणि आउराच्या अंगावर सहसा थंडीनेसुद्धा काटा येत नाही. अडलं होतं ते सरावाच्या जागेवर. खिमेनाच्या आजीला आवाज सोसत नव्हता, आउराच्या घरी नुकतीच जुळी भावंडं आली होती, ज्यांचा आवाज बँडला सोसत नव्हता, आणि शाळेची संगीताची खोली इलियाना पहिलीत होती तेव्हापासून दुरुस्तीला काढलेली होती.

“कशासाठी म्हणजे?” अध्यक्ष डॉक्टर सानाब्रिया घसा खाकरून म्हणाले. ते निवृत्त नोटरी. तुंखात टाय बांधणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात, त्यामुळे ला कोंकोर्दियात मजल्यागणिक डॉक्टर होते, पण खोकला झाला की ते सगळे रांगेने इलियानाच्या आईच्या औषधाच्या दुकानात यायचे. “नियमावलीत स्वच्छ लिहिलंय, बाळा. ‘रहिवाशांच्या सामाजिक उपयोगासाठी.’”

“मग शनिवारी दुपारी आम्ही तिघी त्याचा सामाजिक उपयोग करू का? गाऊन?”

“गाऊ देत की लेकरांना!” दुसऱ्या मजल्यावरच्या दोन्या बेत्साबे म्हणाल्या. इलियानाला वाटलं, उठून त्यांची पापी घ्यावी. तेवढ्यात दोन्या बेत्साबेंनी रुआनातून एक बोट बाहेर काढलं. “परंतु माझी दुपारची झोप सोडून.”

झालं! तो ‘परंतु’ म्हणजे धरणाला पडलेली पहिली भेग होती.

यावर कुणाला काही वाईट बोलायचं नाही, पण तुंखाच्या माणसाला साधं ‘हो’ म्हणवत नाही. पाव विकत घेतानाही तो म्हणतो, “द्या, परंतु कालचा असेल तर नको, अर्थात कालचा गरम केलेला असेल तर चालेल.” अशी माणसं एका हॉलमध्ये कोंडून त्यांच्यापुढे ठराव ठेवला, तर दुसरं काय होणार? दोन्या बेत्साबेंची झोप ठरावात गेली. मग कुणाची तरी रक्तदाबाची गोळी गेली. मग कुणाचा तरी कुत्रा गेला, जो तिप्ले ऐकून रडतो. डॉक्टर सानाब्रिया एकेक परंतु कागदावर उतरवताना वाढदिवसाच्या मुलासारखे फुलत होते. “याला कायद्यात परंतुक म्हणतात,” ते प्रत्येक वेळी सांगत. “परंतुकाशिवाय कलम म्हणजे कठड्याशिवाय गच्ची!”

दॉन एवारिस्तो पूर्वी नगरसेवक होते. ते उभे राहिले की शेजारचे लोक आपापल्या कपावर हात ठेवत, कारण त्यांचे हातवारे लांबवर जात. “ज्या नगरीने लढाया पाहिल्या,” ते गरजले, “जिने राजवटी येताना पाहिल्या, जाताना पाहिल्या, आणि ज्यांना जायचं होतं पण जाता आलं नाही त्यांनाही पाहिलं, त्या नगरीत आज, या पवित्र हॉलमध्ये...” इथे त्यांना पुढचं आठवेना. तेव्हा त्यांनी पुन्हा लढायांपासून सुरुवात केली.

इलियानाने आशेने बाबांकडे पाहिलं. ओमेरो पुलिदो शाळेत भाषा शिकवायचे. ते उठले, पण लेकीसाठी नव्हे. “अध्यक्ष महाराज, ठराव कसाही करा. पण यात आता इतकी उपवाक्यं झाली आहेत, आणि मुख्य वाक्य कुठे दिसत नाही. बिचारी उपवाक्यं टेकणार कशावर?”

“बाबा!” इलियाना कुजबुजली. “मी टेकलेय तुमच्यावर!”

“हो गं, पण आधी हे.”

गरम चॉकलेटची दुसरी किटली संपली तेव्हा अपवाद इतके झाले होते, की गायला परवानगी असलेली अशी वेळच उरली नव्हती. मग डॉक्टर सानाब्रियांनी सगळ्यांची दमछाक पाहून सुटसुटीत मसुदा मांडला: हॉलमध्ये कोणतेही तंतुवाद्य, सुषिरवाद्य अथवा तालवाद्य कधीही वाजवू नये. सगळ्यांचे हात वर जाणार, तोच दोन्या बेत्साबे किंचाळल्या, “अहो, मग नाताळात आपल्या प्रार्थना? आपल्या डफल्या? आपले खुळखुळे?” वर निघालेले हात खाली आले. स्वतःचे खुळखुळे म्हणजे थट्टा आहे का! तेव्हा शेवटचं परंतुक जोडलं गेलं: परंतु, घरमालकांची सभा रीतसर चालू असताना हा नियम लागू होणार नाही, कारण सभा सर्वश्रेष्ठ आहे. टाळ्या झाल्या. नाताळातली प्रत्येक प्रार्थना हीच सभा समजायची, असंही ठरलं.

म्हणजे काय झालं पाहा. हॉल आधी नुसता बंद होता. इलियानाने विचारल्यामुळे तो आता कलमानुसार बंद झाला.

घरी तिने जेवायला नकार दिला. आई, नुबिया, वाढता वाढता म्हणाली, “एवढं तोंड पाडून बसू नकोस. सभा भरव आणि वाजव, दुसरं काय!” हा टोमणा होता, इमारतीला मारलेला. पण इलियानाने ताट पुढे ओढलं आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

सभा कुणीही बोलावू शकतो, फक्त इमारतीच्या पाचव्या हिश्श्याच्या सह्या लागतात, आणि ती चालू राहायला अर्ध्याहून जास्त घरं हजर लागतात. सह्या गोळा करायला तिघी दारोदार फिरल्या. दोन्या बेत्साबेंनी दार फटीएवढं उघडलं.

“खायला काय आहे सभेला?”

“आल्मोखाबाना, ताज्या. आउराची आई भाजते.”

“चीज घरचं का विकतचं?”

“घरचं.”

“झोपेचं काय?”

“सभेत झोपलात तरी हजेरी लागते, दोन्या बेत्साबे. दरवर्षी लागतेच की तुमची.”

“फाजील कार्टी!” म्हणत त्यांनी सही केली. दॉन एवारिस्तोंना मध्यंतरात भाषण हवं होतं, दिलं. डॉक्टर सानाब्रियांना काहीच द्यावं लागलं नाही. सभा म्हटल्यावर त्यांचे डोळे पाणावले. त्यांच्या पत्नीने आतून ओरडून सांगितलं, “दर शनिवारी घेऊन जा त्यांना, पोरींनो! देव तुमचं भलं करो!”

पहिल्या शनिवारी हजेरी झाली, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं, कोरम भरल्याचं जाहीर झालं आणि मग, कायदेशीरपणे, तिप्ले वाजलं. इलियानाला वाटलं, जिंकलो! फक्त एक लहानशी अडचण होती. कोरम अगदी काठावर होता. एक माणूस हॉलबाहेर गेला की सभा तहकूब, आणि सभा तहकूब की वाद्यांवर बंदी. दोन्या बेत्साबे चॉकलेट फार पीत. त्या उठल्या की डॉक्टर सानाब्रिया हात वर करत, खिमेना तारांवर पंजा ठेवी, आउरा काटा हवेत धरून थिजून जाई, आणि सगळे छताकडे बघत बसत. वरून पाण्याचा आवाज आला की सगळ्यांना हायसं वाटे. दोन्या बेत्साबे परतत, हजेरी पुन्हा होई, आणि अडलेला सूर जिथे अडला होता तिथून पुढे सुरू होई. बँडला त्या दिवसांत अशी सवय जडली, की शाळेत कुणी नळ सोडला तरी आउरा आपोआप खरवडायला लागायची.

दुसऱ्या शनिवारी लोक नुसते बसून कंटाळले. आणि तुंखाचा कंटाळलेला माणूस काय करतो? तो दुरुस्ती सुचवतो.

“एक शंका,” डॉक्टर सानाब्रिया म्हणाले. “सभेपुढे जे जे मांडलं जातं, त्यावर सभेने विचार करायचा असतो. हे गाणं आपल्यापुढे मांडलं गेलंय. कार्टे, पुन्हा म्हण बघू.”

इलियानाने म्हटलं:

तुझ्यावर माझं प्रेम आहे,
बटाट्याला फुलं येतात तसं;
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना,
तरी जांभळं झालंय शेत.

दोन्या बेत्साबेंचं गावाकडे बटाट्याचं शेत होतं. त्यांनी डोळे पुसले. मग नोटरींनी विचारलं, “द्वितीय पक्ष कोण?”

“कोण पक्ष?”

“ज्याच्यावर प्रेम आहे तो. नाव, पत्ता?”

“कुणीच नाही, डॉक्टर! गाणं आहे ते!”

“म्हणजे अनोळखी इसमावर, बेमुदत, बिनशर्त प्रेम?” डॉक्टर सानाब्रियांनी चष्मा काढला. “बाळा, माझ्या आयुष्यात मी अशा कागदावर शिक्का मारला नसता.”

मागून खिमेना फिसकन हसली, पण सभेने ती शंका मनावर घेतली, आणि पुढचे सगळे शनिवार हातातून गेले.

दोन्या बेत्साबेंनी घातलं की तो दारू पिणारा नसावा. त्यांच्या शेजाऱ्याने घातलं, सणासुदीचा अपवाद करावा, कारण त्याला आडून स्वतःबद्दल बोलल्यासारखं वाटलं होतं. मग बटाट्याचा विषय निघाला. फुलं येतात हे ठीक, पण करपा पडला तर? आणि पडला असेल पण वेळीच फवारणी झाली असेल तर? दॉन एवारिस्तोंनी ‘मातृभूमीवरील प्रेमास बाधा न आणता’ हे शब्द इतक्या गहिवरून मांडले, की त्यांना विरोध करणं म्हणजे देशद्रोह झाला असता. आईसुद्धा, जिने आजवर सभांची टिंगल केली होती, हळूच हात वर करून म्हणाली, “परीक्षा संपल्यावर. तेवढं घाला बाई.”

“आई! तूपण?”

“एकच आहे गं माझं.”

आणि बाबा! बाबांनी ते सगळं भेंडोळं घरी नेलं, खोडलं, जोडलं, आणि पुढच्या शनिवारी थरथरत्या आवाजात वाचून दाखवलं. सगळी ‘जर’, ‘जोपर्यंत’, ‘वगळता’ आधी, एकाखाली एक, आणि सगळ्यांचा भार पेलणारं मुख्य वाक्य अगदी शेवटी. “आधी अटी, मग दायित्व!” डॉक्टर सानाब्रियांनी त्यांना मिठीच मारली. “पुलिदो, तुम्ही नोटरी व्हायला हवं होतं!”

“गाणं माझं आहे!” इलियाना ओरडली. “फुलांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच आहे त्यात! तुम्ही सगळे त्यांना सांगताय!”

“मतास टाकू,” डॉक्टर सानाब्रिया मायेने म्हणाले. मतास टाकलं. एकमताने मंजूर झालं. बाबांचा हात सगळ्यांत आधी वर गेला होता.

मूळ गाणं म्हणावं म्हटलं, तर कोरम काढून घेण्याची धमकी. आणि कोरम नाही तर सराव नाही. तिघी चावडीवर पकडून आणलेल्या चोरांसारख्या जिन्यात बसल्या.

“स्टेजवर गेल्यावर आपलंच म्हणू,” खिमेना म्हणाली. “तिथे कुठे सभा आहे?”

“म्हणशील?” आउराने विचारलं.

“म्हणेन!” इलियाना म्हणाली. ती वक्तृत्वात दुसरी आली होती, विसरलात का?

महोत्सवाच्या दिवशी पडदा वर गेला, आणि पहिल्या दोन रांगांत अख्खी ला कोंकोर्दिया बसलेली दिसली. रुआना इस्त्री केलेल्या. प्रत्येकाच्या मांडीवर मंजूर मसुद्याची प्रत. डॉक्टर सानाब्रियांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं. दोन्या बेत्साबेंनी तिला हात केला आणि खुणेनेच सांगितलं की काळजी नको, मी सकाळपासून एक घोट चॉकलेट घेतलेलं नाही. बाबा ओठांनी पहिलं उपवाक्य पुटपुटत होते, लहान मुलाला नाटकात शब्द सुचवावा तसे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका अभिमान होता, की इलियानाने तोंड उघडलं तेव्हा त्यातून ‘तुझ्यावर’ ऐवजी ‘जर’ बाहेर आलं.

एकदा ‘जर’ निघालं की परतीची वाट नसते.

जर तू दारू पीत नसशील, सणासुदीचे दिवस वगळून,
आणि जर शेतावर करपा पडला नसेल,
किंवा पडला असल्यास फवारणी वेळीच झाली असेल,
मातृभूमीवरील प्रेमास कोणतीही बाधा न आणता,
दोन्ही पक्षांच्या वडीलधाऱ्यांच्या पूर्वसंमतीने,
दुपारची झोप, कुत्रा व रक्तदाब यांस सांभाळून...

आधी मागच्या रांगांत खसखस पिकली. मग खिमेनाचं तिप्ले चढत गेलं, कारण सूर बिचारा प्रत्येक अटीबरोबर एक पायरी वर जात होता, आणि उतरायला त्याला कुठे जागाच नव्हती. हळूहळू हसू थांबलं. लोक खुर्चीच्या कडेवर सरकले. एवढ्या अटी पुऱ्या करणारा तो कोण, आणि पुऱ्या केल्यावर त्याला मिळणार काय? बाल्कनीतून कुणीतरी न राहवून ओरडलं, “अगं, मग आहे की नाही?” “सांग ना!” दुसरा. “होऊन जाऊ दे!” तिसरा. इलियानाचा चेहरा लाल झाला होता. तिने आईची परीक्षा ओलांडली, शेजाऱ्याचं कलम ओलांडलं, शेवटचा श्वास घेतला आणि सगळं थिएटर तिच्याबरोबर श्वास घेऊन थांबलं.

“...तर, आणि तरच, माझं तुझ्यावर...”

टणणण! वेळ संपल्याची घंटा झाली. नियम म्हणजे नियम. पडदा खाली आला.

पडद्याबाहेर जे झालं त्याला गदारोळ हा शब्द फार शांत आहे. दॉन एवारिस्तो खुर्चीवर चढून नगरीने पाहिलेल्या लढाया सांगू लागले. डॉक्टर सानाब्रियांनी परीक्षकांकडे लेखी कारणं मागितली. परीक्षक म्हणाले, गाणं अपूर्ण राहिल्यामुळे गुण देता येत नाहीत, पण त्यांच्यातल्या एक बाई जाता जाता इलियानाच्या कानाशी लागून म्हणाल्या, “मला एकटीला सांग, आहे ना?”

आणि मग गाव तिला सुखाने जगू देईना. पाववाला सुटे देता देता विचारी, “काय मग, आहे की नाही?” बसचा ड्रायव्हर आरशातून विचारी. मुख्याध्यापिकेने ऑफिसात बोलावून दार लावून घेतलं आणि शिस्तीवर दोन शब्द बोलून तेच विचारलं. वर्गातला विल्मेर, जो तिच्याशी आजवर एक अक्षर बोलला नव्हता, मधल्या सुट्टीत कान लाल करून म्हणाला, “आमच्या मामाच्या शेतावर यंदा करपा नाही हं,” आणि पळाला. इलियाना वहीत डोकं खुपसून बसे. आयुष्यातलं पहिलं गाणं तिने लिहिलं, अख्ख्या शहराने ते ऐकलं, आणि त्यात काय होतं हे एकालाही ठाऊक नव्हतं.

ला कोंकोर्दियात मात्र उत्साहाला भरती आली होती. घंटेविरुद्ध दाद मागायला तातडीची सभा बोलावली गेली. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आई-बाबा कागद पसरून बसले होते आणि सूप निवत होतं.

“सोपा उपाय आहे,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “एक परंतुक वाढवायचं. ‘परंतु, वेळ अपुरी पडल्यास प्रेम आहे असे समजण्यात यावे.’”

“आणि वेळ उरली तर?” आईने विचारलं.

“अरेच्चा! ते राहिलंच.” बाबांनी पेन उचललं.

इलियानाने चमचा खाली ठेवला. जोरात नव्हे. पण दोघांनी वर पाहिलं.

“आई, बाबा, मी ठरवलंय.”

“काय गं?” आई म्हणाली. “सभेत काय मांडायचं ते आत्ताच सांग, म्हणजे बाबा नीट...”

“सभेत काही मांडायचं नाहीये. उद्या दुपारी मी मोठ्या चौकात उभी राहणार आहे आणि गाणार आहे.”

बाबा पेन कागदावर टेकवून थांबले. भुवया वर उचलून, सवयीने, ते पुढचं ‘परंतु’ यायची वाट बघत होते. आईसुद्धा बघत होती. पोरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

“चार ओळी आहेत,” ती म्हणाली. “प्रेम पहिल्याच ओळीत आहे.”